शेडमधला खटका

सकाळपासून तिसऱ्यांदा ‘खट्’ असा आवाज झाला, घरातले पंखे थांबले आणि सून हेडफोन गळ्यात अडकवून तरातरा बाहेर आली.

“भाऊ, साहेब माझं कौतुक करायला तोंड उघडतात आणि नेमकी तेव्हाच वीज जाते.”

“सगळीकडचीच गेली असेल,” भाऊ पेपरामागून म्हणाले.

“शेजारी मिक्सर फिरतोय. शेडचं बटण दाबलं की आपला सेफ्टी स्विच पडतो, बंद केलं की टिकतो. आणि पाण्याचा पंप शेडमध्ये, म्हणजे बंद ठेवूनही भागायचं नाही. मी वायरमनला बोलावलंय.”

भाऊंनी पेपर खाली ठेवला. परसातली ती शेड म्हणजे त्यांचं राज्य. तिथे रंधा होता, ड्रिल होतं, रेडिओ होता, आणि भिंतीला टेकवलेल्या फळ्यांच्या मागे एक छोटा फ्रिज होता. फ्रिजमध्ये आइस्क्रीम होतं. डॉक्टरांनी भाऊंचं गोड बंद केलं त्याच दिवशी माईंनी जाहीर केलं होतं, “तुम्ही नाही, तर मीही नाही.” या त्यागाचे गोडवे नातेवाईक अजून गात, तेही भाऊंच्या देखत गोड खाताना. त्यामुळे फ्रिज उघडताना भाऊंना चोरट्यासारखं होई. त्यात हल्ली डबा इतक्या लवकर संपायचा, की आपण अगदीच हावरट झालोय असं वाटून ते प्रायश्चित्त म्हणून रोज मैदानाला दोन फेऱ्या जास्त मारत.

वायरमन आला, पण सूत्रं सुनेनेच हातात घेतली. “आधी सगळे प्लग काढायचे. मग एकेक लावून बघायचा. ज्याने खटका पडेल तो चोर. पंप?”

“काढला,” वायरमन म्हणाला.

“ड्रिल? रेडिओ?”

“दोन्ही काढले.”

“आता आत काही राहिलं नाही ना?”

“काही नाही,” भाऊ आणि माई एका सुरात म्हणाले. भाऊ फळ्यांना पाठ लावून उभे होते. आत आइस्क्रीमचं काय होत असेल, याचाच ते विचार करत होते.

सून घरात गेली. तिने स्विच वर केला. खट्.

वायरमनचा चेहरा खुलला. “मग जमिनीतली केबल गेली. शेडपासून घरापर्यंत खणावं लागेल, काकू. हा गुलाबांचा वाफा आधी जाईल.”

भाऊंचा जीव भांड्यात पडला. त्या वाफ्यात पाय पडला म्हणून माईंनी सख्ख्या भावाला फैलावर घेतलं होतं. त्या काही खणू देणार नाहीत.

“खणा,” माई म्हणाल्या. “गुलाब काय, पुन्हा लावता येतात.”

भाऊ बघतच राहिले. या बाईने गोड सोडलं, आता गुलाबही सोडतेय, आणि आपण काय करतोय, तर फळ्या झाकून उभे आहोत. वायरमनने कुदळ उचलली आणि भाऊंना राहवेना.

“थांबा. आत अजून एक प्लग आहे.”

त्यांनी स्वतःच फळ्या बाजूला केल्या आणि सगळं कबूल केलं, अगदी कुठला स्वाद तेसुद्धा. माईंनी गालावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ तो तिथेच ठेवला. वायरमनने फ्रिजचा प्लग काढला. सुनेने पुन्हा स्विच वर केला.

खट्.

“म्हणजे मी उगाचच बोललो?” भाऊ रडवेले झाले.

“फुकट गेलं, काका,” वायरमन हळहळला.

“मग खणाच,” माई घाईघाईने म्हणाल्या.

पण तोवर सून घरातून टॉर्च घेऊन आली आणि थेट फ्रिजमागे शिरली. फ्रिजमधून पाणी गळून खालच्या एका प्लगवर ठिबकत होतं, आणि त्या प्लगला एक छोटासा दिवा जोडलेला होता.

“हा दिवा कुणी लावला?”

“मी नाही,” भाऊ म्हणाले. आज दिवसभरात ते दुसऱ्यांदाच खरं बोलत होते. वायरमननेही मान हलवली, त्याला कुणी विचारलं नव्हतं तरी.

माईंनी घसा साफ केला. “अंधारात चमचा सापडत नव्हता.”

दिवा काढला. स्विच वर गेला आणि वरच राहिला. पंप लावला तसा घरघरू लागला. सून हसून हसून खालीच बसली. भाऊंना मात्र हिशेब जुळवायला थोडा वेळ लागला.

“अगं, म्हणजे डबा तू संपवत होतीस? आणि मी स्वतःला हावरट समजून दोन-दोन फेऱ्या जास्त मारत होतो?”

माईंनी पातळ झालेला डबा बाहेर काढला, फळीवरचा चमचा न बघताच अचूक उचलला आणि पुसला.

“परवा डॉक्टर काय म्हणाले? साखर छान उतरलीय, असंच चालत राहा,” त्या म्हणाल्या. “मी खाल्लं, म्हणून तर तुम्ही चाललात.”