एका बोटाचे झाकण

"याला म्हणतात झाकण!" सासरे म्हणाले, आणि थोरल्या जावयाच्या पोटात दुखायला लागले.

सासऱ्यांच्या हातात धाकट्या जावयाची बाटली होती. सांधे धरलेल्या बोटांपैकी एकाच बोटाने त्यांनी खटका दाबला, टक्कन झाकण उघडले आणि ते ऐटीत पाणी प्यायले. त्याआधी थोरल्याच्या तशाच खटक्याच्या बाटलीशी त्यांची बरीच झटापट झाली होती. ती त्यांनी गुडघ्यात धरली, टॉवेलने पिळली, तिच्यावर डोळे वटारले आणि शेवटी परत केली.

"जावईबापू, ही बाटली आहे की तिजोरी?"

"पण एक थेंब गळत नाही, बाबा," थोरला म्हणाला.

"गळेल कशी? उघडली तर गळेल ना!" हे वाक्य सासऱ्यांचे नव्हते, खुद्द थोरल्याच्या बायकोचे होते. ते जास्त लागले.

दोघे साडू एकाच बाटल्यांच्या कारखान्यात झाकणे तयार करत. थोरल्याची झाकणे गळत नसत, पण अडत; धाकट्याची अडत नसत, पण गळत. सोमवारी साहेब दोघांपैकी एकाचा नमुना निवडणार होते, आणि ज्याचा नमुना त्याला झाकण विभागाचे प्रमुखपद आणि दार असलेली खोली. दुसऱ्याने रोज आपल्या झाकणांची चित्रे घेऊन त्या दारावर टकटक करायची. थोरला धाकट्याला लग्नाच्या मांडवापासून पाण्यात पाहत आला होता. त्याच्या दारावर टकटक करण्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी, असे त्याला वाटे.

रविवारी सासऱ्यांकडे जेवणे झाली आणि सगळे जिथे जागा मिळेल तिथे कलंडले. थोरल्याने दोन्ही बाटल्या स्वयंपाकघरात नेल्या. धाकट्याचे झाकण उलटेपालटे करून पाहिले आणि त्याला गुपित सापडले. सगळी जादू आतल्या वॉशरची होती. दिसायला दोन्ही वॉशर सारखेच पांढरे. पण धाकट्याचा मऊ, थोरल्याचा जाड आणि कडक.

मनातली लाज थोडी कुरकुरली. थोरल्याने तिला गप्प केले आणि वॉशरची अदलाबदल केली. मग आपल्या बाटलीत पाणी भरून ती बेसिनवर उलटी धरली. थेंबही नाही! खटका दाबला. टक्! त्याला सासऱ्यांना उठवून दाखवावेसे वाटले. पण चोराने वाजतगाजत जाऊ नये एवढी अक्कल शिल्लक होती. बाटल्या जागच्या जागी ठेवून तो आडवा झाला, आणि कित्येक दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

सोमवारी त्याने बाटली पुन्हा तपासली नाही. पास झालेल्या पोराची परीक्षा पुन्हा कोण घेतो?

साहेबांच्या खोलीत धाकटाही विलक्षण खुशीत होता. ते थोरल्याला जरा खटकले.

"साहेब, तुमच्या फायलींवरच उलटी करून दाखवतो," धाकटा म्हणाला.

आणि त्याने केली. आधी एक थेंब पडला, मग दोन, मग बारीक धार लागली. थोरल्याला आनंद झाला, पण त्यात आश्चर्यच जास्त होते. त्या झाकणात तर आपला वॉशर आहे. मग ते गळते कसे? विचार करायला वेळ नव्हता. त्याने आपली बाटली साहेबांपुढे केली.

"एका बोटानं उघडा, साहेब."

साहेबांनी एक बोट लावले. मग अंगठा लावला. मग दोन्ही हात लावले. शेवटी खुर्चीतून उठून त्यांनी असा हिसका दिला, की झाकण उघडले आणि अर्धी बाटली त्यांच्या शर्टावर आली.

"माझा शर्ट वाळेपर्यंत," साहेब शांतपणे म्हणाले, "तोंड दाखवू नका."

बाहेर येताच थोरल्याने साडूला कोपऱ्यात घेतले. "खरं सांग. बाटलीला हात लावला होतास?"

धाकट्याने मान खाली घातली. "तुमचं गळत नाही, म्हणून मी रोज जळतो, दादा. तुम्ही घोरत होतात, तेव्हा वॉशर बदलले. घोरणं कधी थांबेल नेम नव्हता, म्हणून तपासायला थांबलो नाही."

"गाढवा! मी आधीच बदलले होते!"

एकानेच चोरी केली असती तर दोघांचीही झाकणे पास झाली असती. दोघांनी केली, आणि सगळे होते तिथे आले.

त्यांनी तिथेच, हात धुवायच्या बेसिनवर, मुकाट्याने वॉशर बदलले आणि साहेबांचा शर्ट वाळल्यावर आत जाऊन पुन्हा बाटल्या ठेवल्या. साहेबांनी त्या हातभर लांब धरून उलट्या केल्या. काही गळले नाही. एका बोटाने दाबल्या. टक्, टक्.

"वा! ही युक्ती कुणाची?"

थोरल्याने मनात हिशेब केला. आपली म्हणावी तर साडू चोरी सांगणार. साडूची म्हणावी तर त्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

"आमच्या सासऱ्यांची," तो म्हणाला.

"हो हो, बाबांचीच," धाकट्याने घाईने री ओढली. "त्यांची बोटं धरलेली आहेत ना."

साहेब विचारात पडले. "इतकी वर्षं आपण झाकणं करतोय, पण म्हाताऱ्या हातांना कधी विचारलंच नाही. बोलवा त्यांना."

आता दार असलेल्या खोलीत सासरे बसतात. दोन्ही जावई चित्रे घेऊन टकटक करतात, आणि आतून आवाज येतो, "थांबा जरा!" पहिल्या दिवशी थोरला घरी आला तेव्हा बायकोचा चेहरा नुसता फुलला होता.

"बघा, या वयात बाबा प्रमुख झाले! आणि तुम्ही?"

तेवढ्यात फोन वाजला. धाकटा होता.

"दादा, तुमच्याकडंही हेच चाललंय का?"

"हेच चाललंय. तू ये इकडं, चहा टाकतो."

चहा होईपर्यंत दोघांचे अगदी सख्ख्या भावांसारखे जमले. थोरल्याने साडूला पाण्यात पाहणे सोडले ते कायमचेच. कारण आता दोघे मिळून सासऱ्यांना पाण्यात पाहत होते.