घोंगड्यांचा स्टुडिओ

"आजपासून माझ्या खोलीबाहेर तोफ डागली तरी आत कळणार नाही!" स्वरूपने हे जाहीर केलं तेव्हा ऐकायला फक्त एक मांजर होतं, आणि तेही शेजारच्या फुलाबाईंचं.

आई-वडील थोरल्या भावाकडे पुण्याला गेल्यापासून राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावातल्या घरात स्वरूप एकटाच. भौतिकशास्त्राची पदवी होती, नोकरी नव्हती, आवाज मात्र बरा होता. पुण्याच्या एका कंपनीला गोष्टी वाचून रेकॉर्ड करणारा माणूस हवा होता. त्याचा पहिला नमुना त्यांनी शेरा मारून परत पाठवला. 'राजवाड्यात कोंबडा फार आरवतो!' आता शेवटची संधी. आज पाचच्या आत स्वच्छ नमुना पाठवायचा.

मग काय! धनगरवाड्यावरून त्याने ढीगभर घोंगड्या आणल्या आणि भिंतींवर, खिडकीवर, दारावर ठोकल्या. खोली आतून मेंढीच्या पोटासारखी दिसू लागली. वास तर मेंढीनेही नाक मुरडावं असा! मोबाईल बंद केला, लॅपटॉपला माईक जोडला, कडी घातली, कानांवर जाडजूड हेडफोन चढवले. काही म्हणता काही ऐकू येईना. "शंभर टक्के!" स्वतःच स्वतःला शाबासकी देऊन तो वाचायला बसला.

दुपारी फुलाबाई ताकाचा तांब्या घेऊन आल्या.

"सरूपा! ए सरूपा! दार उघड की रं!"

त्यांनी दार बडवलं. खिडकीत काळोख. फोन बंद.

"म्हादूअण्णा, पळा! दिवसाढवळ्या आतून कडी, आन् पोरगं ओ देईना!"

म्हादूअण्णा म्हणजे गावचे बिनपदवीचे डॉक्टर. त्यांनी दुरूनच सर्पदंशाचं निदान केलं, "जनावर डसलं असंल."

ओसरीवरचं 'डसलं असंल' चावडीपर्यंत पोचताना 'डसलं' झालं, आणि एसटीच्या थांब्यावर 'गेला!' कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकला, तोही दहावीतला. राजगड उतरून आलेल्या ट्रेकर मंडळींनीही टोप्या काढल्या! फुलाबाईंनी दारातच बसकण मारून, रीतीप्रमाणे गुण गात गळा काढला. म्हादूअण्णा दार फोडायला पहार शोधू लागले.

तेवढ्यात दार उघडलं. घामाने निथळणारा स्वरूप बाहेर आला. एवढी माणसं त्या अंगणात त्याने कधी पाहिली नव्हती!

"माझं वाचन ऐकायला आलात?" त्याने हरखून विचारलं.

"आरं, तू जित्ता हाईस?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"हो... म्हणजे, का?"

"का म्हंतोय बघा! भाताची कापणी टाकून आलोय आमी!"

फुलाबाईंनी पदराने डोळे पुसले, "मुडद्या!" म्हणून त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तांब्या तिथंच ठेवून तरातरा निघून गेल्या.

"चहा टाकतो, बसा ना सगळे," स्वरूप म्हणाला. पण जिवंत माणसाकडे बसायला कुणाला सवड! बघता बघता अंगण रिकामं.

आत येऊन त्याने पाठवण्याआधी रेकॉर्डिंग लावलं. राजकन्या रथात बसली आणि मागून दार बडवल्याचा आवाज आला. पुढे तर कुणीतरी रडतंय! लोकर खोलीतला घुमारा पिते, पण बाहेरचा आवाज अडवायला जड भिंत लागते, हे त्याने परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं! शांतता झाली होती ती हेडफोनमुळे, आणि माईक ठेवला होता दाराखालच्या फटीसमोर.

पुन्हा वाचायचं तर आत्ताच बसायला हवं होतं. जुनं पुसायला त्याने बोट पुढे केलं आणि फुलाबाईंचा आवाज ऐकून थांबला.

"कदी कुनाला उलटा शब्द न्हाई रं माज्या राजा! माजं डोळं दावायला भोरला तूच न्हेलंस रं! एकटं लेकरू, रोज इचारपूस करायला मला काय झालं हुतं रं!"

त्याच्याबद्दल एवढं चांगलं आजवर कुणी बोललं नव्हतं. त्याने ते परत लावलं. मग आणखी एकदा, या वेळी अगदी शेवटपर्यंत. हुंदका, नाक ओढल्याचा आवाज, आणि मग...

"आन् माजी पिठाची चाळन न देताच गेलास रं!"

पाच वाजायला आले होते. स्वरूप उठला आणि चाळण शोधू लागला.