गुंडूतात्यांच्या दावणीचे डायनोसॉर

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटतात. शिंगांना रंग, रंगाच्या वर मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा. मोटारसायकलच्या आवाजावर मालकाच्या मागं धावणारी म्हैस बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात. यात आम्हाला काही विशेष वाटत नाही. पण त्याच दिवशी, कागलच्या वाटेवरच्या एका पार्कात, आमचे शेजारी गुंडूतात्या डायनोसॉर नटवतात. तीन शिंगांच्या डायनोसॉरच्या तिन्ही शिंगांना मोरपिसं लावलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या हातातला मापाचा टेप खाली पडला.

टेप हातात असायचं कारण म्हणजे माझा धंदा. मी फायबरचं काम करतो. हॉटेलच्या दारातला बैल, तरुण मंडळांचे देखावे, बागेतले हत्ती-जिराफ, सगळं माझ्या शेडमधून बाहेर पडतं. दुसऱ्याच्या कारखान्यात घासकागद ओढत सुरुवात केली आणि कुणाच्याही शिफारशीशिवाय इथवर आलो. त्यामुळं हातातोंडाशी आलेलं काम कुणी घालवलं तर मी ते विसरत नाही. गुंडूतात्यांनी माझं काम घालवलं. तेही एकच प्रश्न विचारून.

तात्यांच्या परड्यात पूर्वी खऱ्या म्हशी होत्या. सकाळ-संध्याकाळ अख्खी गल्ली चरवी घेऊन त्यांच्या दारात उभी असायची. मग गल्लीत बंगले उठले, बंगलेवाल्यांना शेणाचा वास यायला लागला, तक्रारी झाल्या, आणि तात्यांनी दावण मोडली. त्याच सुमाराला हे पार्क निघालं होतं. घसरगुंड्या, पाण्याचे हौद, फिरते पाळणे, आणि मागच्या बाजूला झाडीत डायनोसॉर. मालकांना झाडलोट करायला माणूस हवा होता. तात्या गेले, डायनोसॉरांकडं बघितलं आणि म्हणाले, "चालतंय की. चार पायाचीच हाईत."

त्याला वीसेक वर्षं झाली. डायनोसॉरांचं आता काय झालं आहे ते सांगतो, म्हणजे माझी बाजू कळेल. लांब मानेच्या डायनोसॉरच्या मानेतून आतली सळी बाहेर आली आहे. एकाची शेपटी विटांवर टेकवून ठेवली आहे. मोठ्या दातांच्या त्या दोन पायांवाल्याचे खालचे दात गेलेत आणि कानात गांधीलमाश्यांनी घर केलं आहे. झाडावर एक कर्णा बांधला आहे, त्यातून पूर्वी डरकाळी यायची. आता चढाला लागलेल्या एसटीने गिअर बदलावा तसा आवाज येतो. लहान पोरं घाबरत नाहीत, बाजूला होतात.

आणि रंग. मूळचे हिरवे डायनोसॉर तात्यांनी काळे केले आहेत. नुसते काळे नाही, वर्षातून दोनदा तेलाचा बोळा फिरवून चकचकीत काळे. लांब मानेच्या कपाळावर पांढरा ठिपका. तिचं नाव चंद्री. तीन शिंगांची ती मोरी. विटांवर शेपटी टेकलेली ती रूपा. हा काय प्रकार आहे, असं मी विचारलं तेव्हा तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच काहीतरी वेडं बोललो होतो.

"हिरवं जनावर कुटं असतंय व्हय रं, सर्जेराव?"

त्या दोन पायांवाल्याला मात्र त्यांनी नाव दिलेलं नाही. त्याला ते 'दांडगा' म्हणतात. त्याच्या पायात दावं बांधून खुंट्याला अडकवलं आहे. कारण विचारलं तर म्हणाले, त्याची नजर चांगली नाही आणि पुढचे पाय आखूड, म्हणजे कामाच्या उपयोगाचा नाही. तरी पाडव्याला त्याच्याही गळ्यात एक माळ पडते. सणाला भेदभाव नको, म्हणे.

संध्याकाळी पार्कातून आले की तात्या आमच्या कट्ट्यावर टेकतात आणि दावणीची खबर सांगतात. आज मोरी धुतली. आज रूपाच्या पाठीवर चार पोरं बसली, तिनं हूं का चूं केलं नाही. एकदा म्हणाले, चंद्रीचं अंग तापलंय. मी गंमत म्हणून विचारलं, डॉक्टरला बोलवायचं का? तर शांतपणे म्हणाले, "उनानं तापलंय. फायबर हाय न्हवं ते." मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो इथं. हा माणूस वेडा असता तर मी सोडून दिलं असतं. त्याला सगळं माहीत आहे. माहीत असून तो रोज सकाळी पाईप घेऊन त्यांची अंगं धुतो आणि "पाय उचल" म्हणतो. वर आपल्याला सांगतो, "जनावराला समदं कळतंय."

गेल्या वर्षी मालकांनी मला बोलावलं. डायनोसॉरांचा भाग काढून नवा करायचा मनात आहे, म्हणाले. मी जागच्या जागी भाव सांगितला. त्यांनी पाडला, मी चढवला, चहा झाला, पुन्हा पाडला. शेवटी दोघंही सारखेच नाराज झालो, म्हणजे भाव बरोबर होता. मी नमुना म्हणून एक डोकं बनवून नेलं. मोटर लावली की मान हलते, पापण्या मिटतात, जबडा उघडतो, आतून डरकाळी येते. मालक खूश. भोवती कुंपण घालायचं, लोकांनी लांबून बघायचं, असं सगळं ठरत आलं.

तात्या मागं उभं राहून बघत होते. म्हणाले, "उभ्या जागी सारखी मान हलवणाऱ्या जनावराला रोग असतोय. असलं दावणीत आनू नगा."

मी तडकलो. म्हणालो, तात्या, हे तुमच्या परड्यातलं जनावर नाही. लोक पैसे देऊन येतात, त्यांना काहीतरी हललेलं दिसलं पाहिजे. मालक मवाळ माणूस. दोघांचं मन राखायचं म्हणून त्यांनी तोड काढली. पंधरा दिवस येणाऱ्या लोकांनाच विचारायचं, नवं करावं का जुनंच ठेवावं. बाहेर पडायच्या वाटेवर दोन डबे ठेवायचे. हो म्हणणाऱ्याने या डब्यात चिंचोका टाकायचा, नाही म्हणणाऱ्याने त्या. मी लगेच हात पुढं केला. विटांवर टेकलेली शेपटी बघून कोण नाही म्हणणार होतं?

विचारायचं काम त्या वाटेवर कायम उभा असतो त्या माणसाकडं, म्हणजे तात्यांकडंच, गेलं. तिथं मी गाफील राहिलो.

एका रविवारी डबे बघायला गेलो. 'नको'चा डबा काठोकाठ. 'हवं'च्या डब्यात तळाला थोडे चिंचोके, त्यातले एक-दोन किडके. मला आधी वाटलं तात्यांनीच भरले असावेत. म्हणून बाजूच्या उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा राहिलो आणि कान दिला.

गारगोटीकडचं एक कुटुंब आलं. टोपीवाला बाप्या, त्याची बायको, सून, नातवंडं. तात्यांनी त्यांना थांबवलं आणि अगदी पडलेल्या आवाजात विचारलं:

"पावणं, एक इचारतो. जनावर म्हातारं झालं, पाय मोडला, दूध आटलं. म्हणून ते दावणीतनं काढून टाकावं का आपलं असू द्यावं?"

टोपीवाल्याने टोपी काढली. बायकोने पदर तोंडाला लावला. तो म्हणाला, "असं कसं काढायचं हो? ज्येच्या दुधावर पोरं मोठी झाली ते का म्हातारं झालं म्हणून बाजार दाखवायचा?" मग त्याने स्वतः चिंचोका टाकला, बायकोकडून टाकवला, नातवंडांकडून टाकवला. जाताना तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कुणी गेलं आहे अशा घरातून बाहेर पडावं तशी ती माणसं पार्कातून बाहेर पडली.

पुढचे कागलचे होते, त्यांचंही तेच. पेठ वडगावच्या एका गड्याने तर, चंदी-वैरणीला काही मदत लागली तर सांगा, असं म्हणून मोबाईल नंबर दिला. डायनोसॉर समोर उभे होते, काळे कुळकुळीत, माणसाच्या चौपट उंच, आणि एकालाही वाटलं नाही की प्रश्न त्यांच्याबद्दल आहे का म्हशीबद्दल, हे आधी विचारून घ्यावं. आमच्या जिल्ह्यात म्हाताऱ्या जनावराचं घरी माणूस काय करतो ते वेगळं. चारचौघांत, बायकोपोरांसमोर, काढून टाका असं कोण म्हणेल?

तसाच मालकांच्या खोलीत गेलो. टेबलावर हात आपटला. प्रश्नच खोटा आहे, म्हणालो. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, हसले, आणि मग हसायचे थांबले. त्यांचंही घर दूधधंद्यावरच वर आलेलं. "प्रश्न चुकला असंल, सर्जेराव," ते म्हणाले, "पण एवढ्या माणसांनी न्हाय म्हटल्यावर तिथं क्रेन कशी लावू मी? फुडच्या हंगामाला बघू." पुढच्या हंगामाला बघू म्हणजे काय ते धंद्यात प्रत्येकाला माहीत असतं. माझं नमुन्याचं डोकं अजून शेडमध्ये पडून आहे. वीज आली की आपोआप मान हलवतं.

माझं म्हणणं आजही तेच आहे. तो भाग सुधारलाच पाहिजे. सळी बाहेर आली आहे, उद्या कुणाच्या तरी डोक्यात पडेल. तात्यांनी मालकांसमोर येऊन, मी चुकीचं विचारलं, एवढं कबूल केलं असतं तर काम परत माझ्याकडं आलं असतं. तेच कबूल करून घ्यायला मी एका सोमवारी दुपारी पार्कात गेलो. सोमवारी पार्क बंद असतं, पण तात्या जनावरांना सुट्टी नसते म्हणून तिथंच असतात, हे ठाऊक होतं. काय काय बोलायचं ते मी वाटेत मोठ्याने म्हणूनही बघितलं होतं.

झाडीत शिरलो तर हिराकाकू दिसल्या. तात्यांच्या मंडळी. दोन वर्षं त्या गल्लीत दिसल्या नव्हत्या. विचारलं की तात्या म्हणायचे, गुडघं धरल्यात. इथं तर त्या तरातरा चालत चंद्रीच्या पायापाशी आल्या, खाली बसल्या, आणि त्या फायबरच्या पायावरून हात फिरवायला लागल्या. तिच्याशी बोलत होत्या. आटलीस व्हय गं, म्हणत होत्या. मग मान उंच करून वर, पार वरपर्यंत बघितलं आणि त्यांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

मी हाक मारली. लहानपणी ज्यांच्या हातचं ताक रोज प्यायलो त्या बाईने माझ्याकडं परक्यासारखं बघितलं. मग मागं वळून म्हणाली, "गडी, बघ रं कोन आलंय."

दावणीवरचा गडी म्हणजे गुंडूतात्या. पाईप हातात घेऊन चार पावलांवर उभे होते. सगळ्या गल्लीला फटकारून बोलणारा माणूस, मान खाली घालून म्हणाला, "पावणं हाईत, बाई."

मी तात्यांकडं बघितलं. तिच्या डोक्यातनं माणसं गेलीत, ते हळू म्हणाले. नावं गेलीत, पोरं गेलीत, मीपन गेलो. आपल्या परड्यातली चंद्री आनि मोरी तेवढी ऱ्हायल्यात. अंगाला हात लावला की वळखतीया. म्हणून सोमवारी आणतो.

काकूंना तोवर मी कोण ते सुचलं होतं. "व्यापारी न्हवं का तुमी?" त्यांनी मला विचारलं. "चंद्रीवर डोळा हाय व्हय तुमचा?"

आणि त्यांनी पदर पुढं केला.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने होत नाही. कापडाखाली दोघं हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. माझे वडील वडगावच्या बाजारात दलाली करायचे, त्यामुळं मला ही बोटं शाळेच्या आधी आली. पण बाईमाणसाने असा पदर पुढं केलेला मी जन्मात पाहिला नव्हता. तात्या डोळ्यांनी विनवत होते. मी पदराखाली हात घातला.

मी बोटं धरली. त्यांनी झटकून टाकली. मी आणखी एक धरलं. त्या हसल्या आणि माझी करंगळी पिरगळली, म्हणजे एवढ्यात शेपूट तरी येतंय का. मी चढलो. त्या हलेनात. हात वाळलेला, खरखरीत, आणि पकड अशी की मला सोडवून घेता येईना. अखेर मी म्हणालो, नाही जमत बाई, तुमचं जनावर आम्हाला झेपणारं नाही.

काकूंनी पदर सावरला. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"जावा तर मग," त्या म्हणाल्या. "आमचं मालक घरात न्हाईत. ते आल्याबिगार मी इकनार न्हाय. लई जीव हाय त्येंचा तिच्यावर."

तात्यांनी पाईपचं पाणी चंद्रीच्या पायावर सोडलं. बराच वेळ एकाच जागेवर सोडत राहिले. ज्या कामाला मी आलो होतो ते मी तिथंच सोडलं. काकू फाटकाकडं बघत होत्या.

"लई येळ केला आज मालकांनी," त्या म्हणाल्या.

"येतील की, बाई," तात्या म्हणाले. "तंवर मी हाय."