हेडरचा रंग

लिफ्ट चालवणारे छोटे संगणक बनवणाऱ्या त्या कंपनीत सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता एक आकडा ठरवायचा होता. आकडा एकच होता आणि तो ठरवायला एक माणूस पुरेसा होता, म्हणून सात जणांची समिती नेमण्यात आली होती.

तो एक माणूस म्हणजे अवजारबाई. कंपनीतले बाकीचे लोक लिफ्टसाठी प्रोग्रॅम लिहीत. ते प्रोग्रॅम ज्या अवजारांनी घडवले जात, ती अवजारं बाई बांधत. ऑफिसातल्या मोठ्या संगणकावर बसून दुसऱ्याच बनावटीच्या छोट्या संगणकासाठी माल तयार करणाऱ्या या अवजाराला क्रॉस-कंपायलर म्हणतात. बाई हे कुठल्या कॉलेजात शिकल्या नव्हत्या. मुलगी शाळेत गेली की स्वयंपाकघरातलं टेबल पुसून, त्यावर संगणक मांडून, चुकत-माकत शिकल्या होत्या. त्यामुळे आपल्याला काय येत नाही, याची त्यांना नेमकी कल्पना होती. समितीतल्या इतर सहा जणांना ही अडचण नव्हती.

अवजार बांधायला घेण्याआधी हेडर निवडावे लागतात. लिफ्टच्या संगणकात कर्नल नावाचा मुख्य कारभारी असतो. हेडर म्हणजे त्याच्याकडे काय काय मागता येतं याची यादी. यादी जुनी असली तरी भागतं, कारण कर्नल दिलेला शब्द सहसा मोडत नाही. पण यादी कर्नलपेक्षा नवी असली, तर प्रोग्रॅम असं काही मागून बसतो की ज्याचं कर्नलने नावही ऐकलेलं नसतं. इमारतींमधल्या लिफ्टमध्ये कर्नल होता ४.४. म्हणून बाईंनी फॉर्मवर हेडरसमोर लिहिलं, ४.४.

चौकट लाल झाली.

"बाई, हे काय लिहिलंत?" दर्जासाहेबांनी विचारलं. दर्जासाहेब म्हणजे दर्जा विभागाचे प्रमुख आणि समितीचे अध्यक्ष. त्यांच्या खोलीबाहेर भिंतभर एक फलक होता. कंपनीत वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची त्यावर चौकट होती. नवी ती हिरवी, जुनी ती लाल. महिनाअखेरीस वरचे साहेब तो फलक लांबून पाहत. जवळून वाचायला त्यांना चष्मा लागे आणि चष्मा ते गाडीत ठेवत.

"लिफ्टमध्ये जो कर्नल आहे, त्याचे हेडर लिहिलेत."

"पण हे जुनं आहे."

"लिफ्टही जुन्याच आहेत, साहेब."

"म्हणून आपण पण जुनं राहायचं? अहो, हेडरचं नवं सहा-बारा आलंय! आणि फुकट आहे!"

"मग आधी लिफ्टमधला कर्नल बदलू या."

"तो देखभाल विभागाचा विषय. आपल्या फलकावर लोकांच्या इमारतींमधल्या लिफ्ट नाहीत. हेडर आहेत."

"सहा-बाराची यादी घेऊन प्रोग्रॅम चार-चारच्या दारात उभा राहिला, तर कर्नल म्हणेल, तू कोण आणि काय मागतोयस?"

"मग शिकू दे की त्यालाही थोडं नवीन," दर्जासाहेब मायेने म्हणाले. "आम्ही नाही शिकलो?"

चर्चा दोन दिवस चालली. बुधवारी हिशेबनिसांनी मधला मार्ग सुचवला: दोन्ही आकड्यांची सरासरी काढावी. सरासरी ५.२६ आली. सगळ्यांना समाधान वाटलं. ५.२६ नावाचा कर्नल जगात कुणीही काढलेला नाही, हे बाईंनी सांगितलं. मग ती आवृत्ती उपलब्ध होईपर्यंत तात्पुरती म्हणून ६.१२ घ्यावी, असं एकमताने ठरलं. बाईंचं मत वेगळं होतं, पण एकमताच्या नोंदीत त्याला जागा नव्हती.

"निदान चाचणी तरी घ्या," बाई म्हणाल्या.

चाचणी झाली आणि झकास झाली. कंपनीच्या तळघरातली चाचणीची लिफ्ट वर गेली, खाली आली, दार उघडलं, मिटलं. कारण त्या लिफ्टमधला कर्नल जुना म्हणून तिची चौकट लाल दिसत होती आणि त्यामुळे मागच्याच आठवड्यात तिच्यात ६.१२ बसवण्यात आला होता. तसा कर्नल असलेली पंचक्रोशीतली ती एकमेव लिफ्ट.

सहीचा फॉर्म बाईंसमोर आला. मतभेद नोंदवायला चाळीस अक्षरांची चौकट होती. बाईंनी लिहिलं, 'लिफ्ट चालणार नाही.' ताबडतोब उत्तर आलं, 'आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभारी आहोत.'

"सहा सह्या झाल्यात," दर्जासाहेब दारातून म्हणाले. "तुमच्या एकटीपायी सगळा फलक अडकलाय हो."

घड्याळात साडेपाच झाले होते. सहाला सासूबाईंचा गुडघ्याचा व्यायाम घ्यायचा होता. बाईंनी सही केली.

सासूबाई नवव्या मजल्यावर राहत, म्हणजे बाईंकडेच. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले होते आणि तितके दिवस त्यांनी खाली अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. शनिवारी ठेवणार होत्या. त्यांची शाळेतली मैत्रीण एका दिवसापुरती शहरात येत होती. दहाला येणार, बाराला निघणार. तिला हृदयाच्या डॉक्टरांनी जिन्याची एक पायरीही मना केली होती आणि बंद लिफ्टमध्ये तिचा जीव घाबरा होई. म्हणून दोघींनी खालच्या बाकावर भेटायचं ठरवलं होतं. दोघींचं मिळून वय एकशे एकसष्ट.

"इस्त्रीचं लुगडं काढून ठेव गं," सासूबाईंनी गुरुवारीच सांगून ठेवलं. "नाहीतर म्हणेल, म्हातारी झाली."

शुक्रवारी कंपनीचं परिपत्रक आलं. नवी आवृत्ती शनिवारी सकाळी नऊ वाजता लिफ्टमध्ये चढवण्यात येईल. आणि आपुलकीची भावना म्हणून पहिल्या टप्प्यात कर्मचारी राहतात त्याच इमारती घेण्यात येतील. बाईंनी तीन फोन केले. तिन्हीकडे त्यांचं अभिनंदन झालं.

शनिवारी नऊ वाजून चार मिनिटांनी लिफ्ट तळमजल्यावर गेली, दार उघडून उभी राहिली आणि मग कुणाच्या बापाचं ऐकेना. आत दिवा लखलखत होता. पडद्यावर हिरवी खूण होती: 'आपली लिफ्ट अद्ययावत आहे.' बाई नऊ मजले धावत उतरल्या तेव्हा तिच्यासमोर शेजारी जमले होते.

"बंद आहे," एक जण कौतुकाने म्हणाले, "पण नवीन आहे!"

बाईंनी दर्जासाहेबांना फोन लावला. "साहेब, लिफ्ट बंद पडलीय."

"फलकावर तर सगळं हिरवं दिसतंय."

"तुमच्याकडची चालू आहे?"

"आमच्याकडे कुठली लिफ्ट? मी तळमजल्यावर राहतो."

दहाला मैत्रीण आली आणि बाकावर बसली. बाई वर पोचल्या, तेव्हा सासूबाई इस्त्रीच्या लुगड्यात गॅलरीचा कठडा धरून उभ्या होत्या. कानाला फोन होता.

"किती गं बारीक झालीस!" सासूबाई म्हणत होत्या.

"तिथून सगळेच बारीक दिसतात," फोनमधून आवाज आला. "हात हलव की, कळू दे तूच आहेस ते."

सासूबाईंनी हात हलवला. शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीनेही हलवला. खालून विचारणा झाली, "तू उजवीकडची ना?"

बारा वाजता बाक रिकामा झाला. सासूबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी लुगड्याची घडी उगाच सारखी केली.

"तू याचंच काम करतेस ना गं? तुला ठाऊक होतं, बंद पडणार म्हणून?"

"हो, आई."

"मग सही का केलीस?"

"सगळ्यांनी केली होती."

सासूबाईंनी हातातला फोन बाजूला ठेवला. "पुढच्या वर्षी येते म्हणाली," त्या म्हणाल्या. "पाणी दे."

ही गोष्ट झाली त्याला आता अकरा दिवस झाले. फलक पूर्ण हिरवा झाल्याबद्दल समितीला पेढ्यांऐवजी प्रमाणपत्रं मिळाली. लिफ्ट तळमजल्यावर दार उघडून उभी आहे; तिच्यातला दिवा आणि आरसा तेवढे कामाचे आहेत. येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावतो, केस सारखे करतो, "कुठल्या गाढवाने सही केली असेल हो?" असं आरशात बघत विचारतो आणि जिना चढायला लागतो. तुम्हीही मघाशी मनातल्या मनात विचारलंच असेल. लाजू नका, या. आरसा चांगला मोठा आहे, आणखी एक जण सहज मावतो.