गच्चीवरची पवनचक्की

ऑपरेटरबाईंच्या बरोबर डोक्यावर, गच्चीत, सोसायटीने छोटी पवनचक्की बसवली. जिन्यातले दिवे वाऱ्यावर लागणार म्हणून सगळी इमारत खूश झाली, बाई सोडून. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाल्यापासून त्या वरच्या मजल्यावर एकट्याच राहत. वारा सुटला की भिंतीतून घूंऽऽ असा आवाज येई आणि कपाटातल्या बश्या थरथरत.

बाईंनी तक्रार केली. सेक्रेटरींनी खांबाखाली रबर घातलं. बश्या गप्प झाल्या, पण खांब शीळ घालू लागला. म्हणून खांब चार हात सरकवला, तर फिरत्या पात्यांची सावली बाईंच्या जेवणाच्या ताटात नाचू लागली. त्यात पात्यांना बिचकून गच्चीवरची तमाम कबुतरं बाईंच्या बाल्कनीत मुक्कामाला आली.

"आता कबुतरांना नोटीस काढू का मी?" सेक्रेटरी वैतागले.

शेवटी आवाज मोजणारा सरकारी अधिकारी यंत्र घेऊन आला. भिंतीला कान लावून, आकडे टिपून म्हणाला, "मर्यादेत आहे." मग त्याने दुसरा कागद काढला. "तुमच्याविरुद्धही अर्ज आलाय. खालच्या मजल्यावरून. तुमच्याकडे दिवसभर माणसं जमतात आणि मोठमोठ्याने गप्पा चालतात म्हणे."

"माझ्याकडे कोण येतंय! एकटीच तर असते."

"मग बोलतं कोण?"

बाईंनी बाल्कनीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"मीच," त्या पुटपुटल्या. "यांच्याशी."

अधिकाऱ्याने काही न लिहिता पेनाला टोपण लावलं.

त्या दिवसापासून बाईंनी तोंडाला कुलूप घातलं. कबुतरांना दाणे टाकायच्या, तेही मुकाट्याने. चार दिवसांत त्या स्वतःच्याच खोकल्याने दचकू लागल्या.

पाचव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे निवृत्त सर्व्हेअर उभे होते. अर्ज त्यांचाच होता.

"आता काय राहिलं?" बाई फणकारल्या. "चार दिवसांत शब्द काढला नाही मी!"

"तेच तर," सर्व्हेअर चाचरत म्हणाले. "अर्ज मागे घेतलाय मी. पण तुम्ही ऐन मध्यावर थांबलात हो. तुमच्या नणंदबाईंनी ते नेलेलं पातेलं शेवटी परत केलं का?"

बाई दार सताड उघडत म्हणाल्या, "ती कसली परत करतेय! आत या, पहिल्यापासून सांगते."