शून्य जन्मांचं उपनगर

शहराच्या पार टोकाच्या या उपनगरात गेल्या अकरा वर्षांत एकही मूल जन्माला आलेलं नाही, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. वॉर्ड ऑफिसातल्या जन्म-मृत्यू विभागाच्या कारकुनाने ती घेतली होती. त्याची जन्माची वही कोरी करकरीत होती आणि मृत्यूची सातवी वही चालू होती. खिडकीबाहेर मात्र चार शाळा एकदम सुटत आणि पोरांच्या गलक्यात त्याला फोनवरचं ऐकू येत नसे.

कारण अगदी सरळ होतं. उपनगरात प्रसूतिगृह नव्हतं. बायका बाळंतपणाला पूल ओलांडून शहरात जात आणि मुलाची नोंद तिथेच होई. मरायला तेवढी माणसं आपापल्या घरी येत.

कारकुनाच्या लेकीला आठवा महिना लागला होता. पहिल्या खेपेला गाडी पुलावर दोन तास अडकली आणि बाळ हाती लागलं नाही. या वेळी तरी तसं होऊ नये म्हणून बापाने प्रसूतिगृहाचा प्रस्ताव स्वतः लिहून साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी वही चाळली. "जन्म शून्य. मग प्रसूतिगृह कुणासाठी?"

"प्रसूतिगृह नाही म्हणून शून्य आहे, साहेब."

"हे तुमचं झालं हो. कागदावर मागणी कुठंय?"

एवढ्यावर सोडतील तर ते साहेब कसले. त्यांनी आकडे नियोजन विभागाकडे धाडले. तिथे गणित मांडलं गेलं : जन्म नाहीत, मृत्यू भरपूर, सबब चौदा वर्षांत उपनगर रिकामं होईल. विकास आराखड्यात शाळेच्या भूखंडावर स्मशानभूमीचा विस्तार आला. बावीस मजली टॉवरना परवानग्या मिळतच राहिल्या, कारण ती खिडकी वेगळी.

मग कारकून सह्या गोळा करायला निघाला. उपनगरात सतरा भाषा बोलल्या जात आणि पाण्याच्या टँकरपुढे सतराही भाषांतल्या शिव्या सगळ्यांना कळत.

"गर्दी केलीय ती टॉवरवाल्यांनी," जुन्या वस्तीतली शिंपीणबाई म्हणाली. "त्यांच्यासाठी मी कशाला सही करू?"

"गर्दी त्या वस्तीची," टॉवरमधला बँकवाला दारातूनच म्हणाला. "आम्ही तर आत्ता कुठे आलोय."

सह्या झाल्या अकरा. त्यांतली एक जावयाची.

आणि एका भर दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. रिक्षा पुलाच्या तोंडाशीच अडकली. शेवटी तीच शिंपीणबाई धावून आली आणि रिक्षातच मुलगी झाली, चांगली ठणठणीत. नात हातात घेऊन कारकून ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्याने रिक्षावाल्याला विचारलं, "मागचं चाक हद्दीच्या कुठल्या बाजूला होतं?"

चाक अलीकडे, उपनगरातच होतं. अकरा वर्षांनी वहीत पहिली नोंद पडली आणि मागणी सिद्ध होऊन प्रस्ताव वर गेला. उत्तर आठवड्याभरात आलं. इतक्या लवकर आलेलं बघून कारकुनाने पाकिटावरचा पत्ता दोनदा तपासला.

"गेल्या वर्षी शून्य, यंदा एक," साहेब म्हणाले. "टक्केवारी काढायला गेलो तर कॅल्क्युलेटर हात टेकतो. हा लोकसंख्येचा स्फोट आहे. कुटुंबनियोजन केंद्र तातडीने मंजूर."

"आणि प्रसूतिगृह?"

"आगीत तेल ओतू म्हणता?"

केंद्राच्या उद्घाटनाला ही तोबा गर्दी लोटली, पार पुलापर्यंत. वस्तीवाले टॉवरवाल्यांकडे बघून टाळ्या वाजवत होते, टॉवरवाले वस्तीवाल्यांकडे बघून. "यांना कुणीतरी आवर घालायलाच हवा होता," हे वाक्य कारकुनाने त्या दिवशी सतराही भाषांत ऐकलं.

तेवढ्यात पुलाशी एक गाडी येऊन अडली. आत कळा देणारी बाई होती. तिचा नवरा हात जोडून वाट मागत होता. कारकून गर्दीत शिरला, दिसेल त्याला सरका सरका म्हणू लागला. "आधी त्यांना सरकायला सांगा," प्रत्येकाने समोर बोट दाखवलं.

'ते' म्हणजे कोण, हे वाचता वाचता तुम्हीही मनाशी ठरवून टाकलं असेल. असू द्या. पण जरा सरकता का? गाडी अजून तिथेच आहे.