मनातल्या शिवीची माफी

सायमन अंकल मनात दिलेल्या शिवीचीही माफी मागतात. बेल वाजवून, समोरासमोर.

आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगला आता सवय झालीय. परवा सेक्रेटरींच्या दारात उभे.

"मंगळवारी मीटिंगमध्ये मी तुम्हाला गाढव म्हटलं."

"मी तर काय ऐकलं नाही."

"मनात म्हटलं. दोनदा. सॉरी."

सेक्रेटरींना अजून कळलेलं नाही, की राग नक्की कधीपासून धरायचा.

मी चिपळूणचा. नोकरीसाठी इथे आलो, अंकलकडे पेइंग गेस्ट. आंटी वारल्या, मूलबाळ नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मला नकलांचा नाद. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती, तीन वर्ग घरी गेले. असल्या माणसाने अंकलकडे राहणं म्हणजे शिक्षाच. एकदा बॉसचा फोन आला. मी खुणेने सांगितलं, ताप आहे म्हणा. अंकल फोनवर म्हणाले, "तो पोहे खातोय. दुसरी प्लेट आहे. ताप आहे असं सांगा म्हणतोय."

वर मलाच, "रविवारी गुडघे टेकायचे नि सोमवारी थापा मारायच्या? देव काय फक्त रविवारी ड्यूटीवर असतो, रे?"

"अंकल, मी हिंदू आहे."

"मग तुझे तर पुष्कळ आहेत. कोणी ना कोणी रोज असणारच."

त्यांची धाकटी बहीण मार्सेलिन गोराईला राहते. दर उन्हाळ्यात ती वर्षाचा मसाला कुटते आणि बिअरच्या बाटल्यांत ठासून भरते. बॉटल मसालाच म्हणतात त्याला. एक बाटली कायम भावाची. दोन वर्षांपूर्वी कुटायला जमलेल्या सगळ्या बायकांसमोर अंकल म्हणाले, "बाय, धने जळलेत." तेव्हापासून बोलणं बंद, बाटली बंद. जुनी रिकामी बाटली आमच्या खिडकीत असते. अंकल रोज सकाळी बूच काढतात, वास घेतात, बूच लावतात.

"सेक्रेटरीला सॉरी म्हणता, मग बहिणीला म्हणा ना!"

"धने जळलेच होते. खोटं सॉरी कसं म्हणू?"

मला राहवेना. गच्चीत जाऊन अंकलच्या आवाजात मीच फोन लावला. नाकातून आवाज, मध्ये एक खोकला, झकास जमलं. "मार्सेलबाय, चुकलं माझं. धने चांगले होते." पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज.

रविवारी तिची शेजारीण बाटली घेऊन आली. अंकलनी ती तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली. मग सोबतची चिठ्ठी वाचली. 'तुझ्या फोनने बरं वाटलं.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"चल," ते म्हणाले. "ही परत द्यायची."

गोराईच्या फेरीबोटीत बाटली त्यांच्या मांडीवर, बूच तसंच.

मार्सेलिन दारातच हसत उभी. "आलास काय रे शेवटी!"

"बाय, तो फोन मी नाही केला. ह्या वांड पोराने केला. धने जळलेच होते."

वाट लागली. तिचा चेहरा उतरला. अंकलनी बाटली पुढे केली. तिने धरली, पण यांच्या हातून ती सुटेना.

"पण चारचौघींत बोललो. तुझी मान खाली गेली, मी बघितली. ते चुकलं. दोन वर्षं नुसते धने धने करत बसलो."

मार्सेलिन बाटलीकडेच बघत म्हणाली, "जळले होते रे. मला कळलं नव्हतं काय?" आणि बाटली त्यांच्याकडे ढकलली. "आत ये. हा पोरगा पण जेवणार काय?"

मी बोंबलाची कढी तीनदा घेतली. अंकलनी तिथेही आकडा जाहीर केला.

परतीच्या बोटीत ते घसा खाकरून म्हणाले, "आज मी तुला मनात काहीतरी म्हटलं."

"गाढव?"

"ते सकाळी. त्याचं सॉरी." त्यांनी बाटलीचं बूच उगाचच दाबलं. "जेवताना मुलगा म्हटलं. तुला न विचारता."

मला अख्ख्या बिल्डिंगचे आवाज काढता येतात. त्या क्षणी माझा स्वतःचा मात्र फुटेना.